लिव्हरचा कॅन्सर : ‘किती दिवस?’ हे कशावर ठरतं

लिव्हरचा कॅन्सर ‘ॲडव्हान्स’ आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की घरातली माणसं केबिनबाहेर येऊन सिस्टरला गाठतात. डॉक्टरांना विचारायचा धीर झालेला नसतो. “सिस्टर, खरं सांगा, किती दिवस?” वॉर्डातल्या नोकरीत आणि पुढे वस्त्यांमधून काम करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहायला हवं होतं.

तारीख कोणीच सांगू शकत नाही. छातीठोकपणे तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण कशामुळे माणूस जास्त काळ टिकतो आणि कशामुळे झपाट्याने खालावतो, हे आता बरंच कळलेलं आहे. त्यातलं काही कोणाच्याच हातात नसतं. काही डॉक्टरांच्या हातात असतं. आणि बऱ्याच गोष्टी आपल्या चुलीपाशी, मेडिकलच्या काउंटरवर आणि रेशनकार्डाच्या कपाटात ठरतात.

एक गोष्ट आधी पाहून घ्या. रिपोर्टवर ‘हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा’ किंवा ‘एचसीसी’ लिहिलं असेल तर तो लिव्हरमध्येच सुरू झालेला कॅन्सर. आतड्याचा, स्तनाचा किंवा दुसऱ्या अवयवाचा कॅन्सर पसरून लिव्हरला आला असेल तर त्याचा हिशोब वेगळा, उपचारही वेगळे. इथे लिहिते आहे ते एचसीसीबद्दल.

दोन आजार एकाच वेळी

हा कॅन्सर सहसा चांगल्या लिव्हरवर उगवत नाही. त्याआधी कित्येक वर्षं लिव्हर आतून खराब होत असतं. कोणाला हिपॅटायटीस बी किंवा सी या विषाणूंनी, कोणाला दारूने, कोणाला साखर आणि वाढलेल्या वजनामुळे साठलेल्या चरबीने. जखम भरते, वण राहतो, परत जखम, परत वण. असं होत होत मऊ लिव्हर कडक, गाठाळ होतं. त्याला सिरोसिस म्हणतात. पुढे त्यावर कॅन्सरची गाठ धरते. म्हणजे पेशंटला एकाच वेळी दोन आजार असतात, आणि त्याचं आयुष्य दोन्हीकडून कमी होत असतं. घरातल्यांचं लक्ष मात्र एकाकडेच असतं. “गाठ किती सेंटीमीटरची?” हे सगळ्यांना पाठ असतं. लिव्हरचा उरलेला भाग काम किती करतोय, हे फारसं कोणी विचारत नाही.

समजा दोन माणसं आहेत. एकाची गाठ नऊ सेंटीमीटरची, पण डोळे पांढरेशुभ्र, पोटात पाणी नाही, स्वतःच्या पायांनी चालत ओपीडीत आलेला. दुसऱ्याची गाठ चारच सेंटीमीटरची, पण डोळे हळदीसारखे, पोट मडक्यासारखं फुगलेलं, पाय सुजलेले, बोलताना मध्येच गोंधळतो. नातेवाइकांना पहिल्याची जास्त काळजी वाटते, कारण गाठ मोठी. अनुभवी डॉक्टरला दुसऱ्याची वाटते. पहिल्याला औषध देता येतं. दुसऱ्याचं लिव्हर कॅन्सरचं औषध झेलूच शकत नाही.

लिव्हर किती काम करतंय हे मोजायला डॉक्टर एक साधी रीत वापरतात. तिला चाइल्ड-प्यू म्हणतात. पाच गोष्टी बघायच्या. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ किती आहे. अल्ब्युमिन, म्हणजे लिव्हर प्रथिनं बनवतंय का. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला वेळ किती लागतो. पोटात पाणी आहे का. आणि डोकं ताळ्यावर आहे का, की गुंगी-गोंधळ आहे. प्रत्येकाला एक ते तीन गुण. बेरीज पाच-सहा आली तर ‘ए’, सात ते नऊ ‘बी’, दहा आणि पुढे ‘सी’. परीक्षेच्या उलट, इथे गुण कमी तितकं चांगलं.

या एका अक्षराने केवढा फरक पडतो ते पाहा. सोराफेनिब नावाच्या गोळीवर असलेल्या तीन हजारांहून जास्त पेशंटची नोंद बऱ्याच देशांतून ठेवली गेली, ‘गिडिऑन’ नावाने. गोळी सगळ्यांना तीच. ‘ए’ गटातल्यांचं मध्यम आयुष्य १३.६ महिने आलं, ‘बी’ गटाचं ५.२ महिने आणि ‘सी’ गटाचं २.६ महिने. मध्यम आयुष्य म्हणजे काय तेही सांगते, कारण या आकड्यानेच माणसं हाय खातात. शंभर पेशंट रांगेत उभे केले तर पन्नासाव्यापाशी येणारा तो आकडा. निम्मे त्याच्या आधी जातात, निम्मे त्याच्या पुढे जगतात, आणि त्यातले थोडे बरेच पुढे. तो आकडा म्हणजे तुमच्या माणसाची शेवटची तारीख नव्हे.

“घरी न्या” म्हणाले तर

हे अक्षर मी सगळ्यांना पाठ करायला लावते, त्यामागे एक कारण आहे. मोठ्या दवाखान्यातून “आता घरीच न्या, सेवा करा” असं सांगितलं जातं तेव्हा आपल्या माणसांच्या मनात लगेच येतं, की आपण गरीब म्हणून कटवलं. हा संशय आकाशातून पडलेला नाही. केसपेपरवरचा पत्ता आणि आडनाव वाचून आवाज बदलणारी माणसं मी पाहिलेली आहेत. पण प्रत्येक वेळी तसंच असतं असंही नाही. चाइल्ड-प्यू ‘सी’ असेल तर कॅन्सरची गोळी किंवा इंजेक्शन फायदा करत नाही, उलट उरलेलं लिव्हर बसवतं. अशा वेळी औषध न देणं हाच योग्य उपचार असतो. पैसेवाल्यालाही तेच सांगायला हवं. तिकडे उलटा अन्याय होतो, सांगत नाहीत आणि बिल वाढवत राहतात.

म्हणून विचारायचं, शांतपणे विचारायचं. “डॉक्टर, चाइल्ड-प्यू कोणता आहे?” उत्तर ‘ए’ असेल आणि तरीही “काही होणार नाही” म्हणत असतील, तर पुढचा प्रश्न हक्काने विचारायचा, “मग औषध का देता येत नाही, ते केसपेपरवर लिहून द्या.” रिपोर्टची फाईल घेऊन दुसऱ्या कॅन्सर रुग्णालयात मत घ्यायचं. ‘बी’ असेल तर मामला मधला आहे. काही जणांना औषध कमी डोसने देऊन बघतात, काहींना नाही.

‘बी’ किंवा ‘सी’ लिहिलं म्हणजे ते कायमचंच असतं असंही नाही. पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन झालं, रक्ताची उलटी होऊन गेली, पेशंट अजून दारू पितोय, कोणीतरी दिलेला काढा चालू आहे, पित्ताचा मार्ग अडला आहे, यांतल्या कशानेही बिलिरुबिन चढतं. कारण सापडून बरं झालं तर गुण सुधारू शकतात, आणि आज न देता आलेलं औषध महिन्याभराने देता येऊ शकतं. ‘कावीळ कशाने वाढली?’ हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

कॅन्सर स्वतः किती पुढे गेलाय

दुसरी बाजू कॅन्सरची. गाठी किती आणि केवढ्या हे तर आहेच, पण सगळ्यांत जास्त वजन असतं पोर्टल व्हेन या शिरेला. आतड्यांतून लिव्हरकडे रक्त नेणारी ही मोठी शीर. कॅन्सर तिच्यात शिरला की सीटी स्कॅनवर ‘पोर्टल व्हेन थ्रॉम्बोसिस’, ‘पीव्हीटीटी’ किंवा ‘इन्व्हेजन’ असे शब्द येतात. फांदीत असेल तर थोडं बरं, मुख्य खोडात असेल तर वाईट. खोडात शिरल्यावर काहीच उपचार झाले नाहीत तर हिशोब बहुधा दोन-चार महिन्यांचा असतो. फुप्फुसात किंवा हाडात गेलेला असेल तर तोही ॲडव्हान्स. रक्तातलं एएफपी ४०० च्या वर असणं हेही कॅन्सर जोरात असल्याचं लक्षण. पण काही पेशंटमध्ये एएफपी वाढतच नाही, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर हरखू नये आणि खचूही नये.

तिसरी गोष्ट म्हणजे माणूस स्वतः. दिवसातला किती वेळ अंथरुणात जातो? अंघोळ स्वतः करतो का? कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येतो का? डॉक्टर याला शून्य ते चार असा आकडा देतात. कामाला जाणारा तो शून्य, पूर्ण अंथरुणाला खिळलेला तो चार. इथे एक गंमत सांगते, खरं तर गंमत नाही. आपली माणसं डॉक्टरांसमोर जास्त आजारी दिसायचा प्रयत्न करतात, म्हणजे नीट लक्ष देतील. चालता येत असून व्हीलचेअरवर बसवून आणतात. या आजारात त्याचा तोटा होऊ शकतो, कारण तीन किंवा चार आकडा पडला की कॅन्सरचं औषध सहसा सुरू करत नाहीत. जसं आहे तसं सांगा.

लिव्हर, कॅन्सर आणि माणसाची ताकद या तिन्ही गोष्टी एकत्र धरून टप्पा ठरवायची पद्धत बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी १९९९ साली मांडली. ती ‘बीसीएलसी’ या नावाने जगभर चालते. तुमच्या फाईलवर ‘बीसीएलसी-सी’ लिहिलं असेल तर तो ॲडव्हान्स टप्पा, पण औषध देण्याजोगा. ‘बीसीएलसी-डी’ म्हणजे शेवटचा टप्पा, तिथे त्रास कमी करण्यावर भर. चाइल्ड-प्यूचा सी आणि हा सी वेगळे आहेत. शिकलेल्या नातेवाइकांचाही यात गोंधळ होतो, तेव्हा कोणता सी, ते विचारून घ्या.

औषध आणि त्याची किंमत

२००८ पर्यंत या टप्प्यावर आयुष्य वाढवणारं सिद्ध औषध नव्हतं. त्या वर्षी सोराफेनिबचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध न घेणाऱ्यांचं मध्यम आयुष्य ७.९ महिने, घेणाऱ्यांचं १०.७ महिने. तीन महिने कमी वाटतात? ज्याच्या मुलीची दहावीची परीक्षा तीन महिन्यांवर आहे, त्याला विचारा. पुढे लेनव्हॅटिनिब ही गोळी आली. मग ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही इंजेक्शनची जोडी आली. तिच्या अभ्यासात मध्यम आयुष्य १९.२ महिने आलं, सोराफेनिबवाल्यांचं १३.४. हे सगळे आकडे जवळजवळ पूर्णपणे ‘ए’ गटातल्या पेशंटचे आहेत. मोबाइलवर फिरणाऱ्या बातम्यांत एवढी गोष्ट हमखास गाळलेली असते.

आता पैशाचं. किंमत हाही आयुष्य ठरवणारा घटक आहे, हे वैद्यकीय पुस्तकात नसेल, पण वॉर्डात दिसतं. सोराफेनिब भारतात आलं तेव्हा कंपनी महिन्याच्या १२० गोळ्यांना सुमारे २ लाख ८० हजार रुपये घेत होती. ज्यांना गोळी हवी होती त्यांतल्या फार थोड्यांपर्यंत ती पोहोचत होती. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतल्या पेटंट कार्यालयाने हैदराबादच्या नॅटको कंपनीला तीच गोळी बनवायचा सक्तीचा परवाना दिला. आपल्या देशातला हा असा पहिला परवाना. किंमत ठरली महिन्याला ८,८८० रुपये, आणि वर्षाला किमान ६०० गरजू पेशंटना फुकट द्यायची अटही घातली. मूळ कंपनी बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली, २०१४ मध्ये तिथे हरली, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तिचं अपील दाखल करून घेतलं नाही. आज ही गोळी काही हजारांत मिळते. इंजेक्शनच्या जोडीचा खर्च मात्र अजून लाखांत जातो, आणि ती डोसामागून डोस घ्यावी लागते.

म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण कोणता उपचार आणि कोणतं औषध त्यात बसतं हे आधी विचारून घ्यायचं, पैसे भरून झाल्यावर नाही. सरकारी आणि ट्रस्टच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांच्या टेबलापाशी रांग लावायला लाज वाटू देऊ नका, ती जागा त्याचसाठी आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरची नावं जुळतात का, ते आजच पाहा. कागदातल्या एका वेलांटीपायी उपचार आठवडा-आठवडा अडकलेले मी पाहिले आहेत.

गोळी सुरू झाली की हाताचे तळवे आणि पायाचे तळवे लाल होतात, सोलतात, जुलाब लागतात, बीपी वाढतं. पायांवर उभं राहून काम करणाऱ्याला हे फार जड जातं. पण परस्पर गोळी बंद करू नका. डॉक्टर डोस कमी करून, मलम देऊन सांभाळू शकतात. मऊ चप्पल आणि रोज दोनदा क्रीम, हे पहिल्या दिवसापासून करा.

लिव्हर बदलण्याबद्दलही लोक विचारतात. साधारणपणे एकच गाठ पाच सेंटीमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी आणि प्रत्येक तीन सेंटीमीटरपर्यंत, शिरेत शिरकाव नाही, बाहेर पसरलेला नाही, अशा पेशंटसाठी ते ऑपरेशन आहे. शिरेत शिरलेल्या कॅन्सरला कोणी “ट्रान्सप्लांट करू, पैसे जमवा” म्हणालं, तर खोली विकण्याआधी दुसऱ्या ठिकाणी विचारा.

घरात काय बघायचं

या आजारात बरेच पेशंट गाठीमुळे जाण्याआधी दुसऱ्याच कशाने जातात. रक्ताची उलटी, पोटातलं इन्फेक्शन, किडनी बसणं, बेशुद्धी. यांतलं बरंचसं वेळेवर ओळखता येतं, आणि ओळखणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरातली बाई असते.

सिरोसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखादी फुटते. रक्ताची उलटी झाली किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच क्षणी १०८ ला फोन. त्याआधीच दुर्बिणीने तपासून फुगलेल्या शिरांना रबरी बँड लावता येतात, गोळ्याही असतात. ‘दुर्बीण झाली का?’ हे विचारा. बेव्हॅसिझुमॅबचं इंजेक्शन सुरू करण्याआधी तर ती हवीच, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

पोटात पाणी असलेल्या माणसाला ताप आला, पोट दुखलं किंवा अचानक लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि “पाणी काढलं की माणूस जातो” हे ऐकू नका. पाणी काढल्याने माणूस जात नाही, त्याला श्वास घेता येतो. पाणी परत भरतं ते लिव्हर आणि पोर्टल शिरेमुळे. एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त काढलं तर अल्ब्युमिनची बाटली लावतात, ते लावणार का एवढं विचारा.

दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात गाळे, सही वाकडी, पुढे केलेले हात पंख हलल्यासारखे थरथरणं, उगाच चिडणं. ही ‘बाहेरची बाधा’ नाही. लिव्हरने साफ न केलेली घाण डोक्यात जाते आहे. कोणाकडे उतारा करायला नेण्यात गेलेली एक रात्र महागात पडते. बद्धकोष्ठ हे त्याचं एक मोठं कारण. लॅक्टुलोजचं पातळ औषध दिवसात दोन-तीन वेळा मऊ शौचाला होईल इतकं द्यायचं. पेशंट “जुलाब होतात” म्हणून ते बंद करतात आणि चार दिवसांनी बेशुद्ध होऊन येतात.

दुखलं की मेडिकलमधून आणलेली गोळी हा आपला जुना शिरस्ता. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अंगदुखीची इंजेक्शनं या पेशंटला चालत नाहीत. त्यांनी किडनी बसते, रक्तस्राव होतो. गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात नाव असतं, ते शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. पॅरासिटामॉल चालते, पण दिवसभरात दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे पाचशेच्या चार गोळ्यांपर्यंत, आणि तीही डॉक्टरांना विचारून. काविळीचं गावठी औषध, नाकात टाकायचे थेंब, यूट्यूबवरचे काढे बंद. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी, असं नसतं. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं.

आता जेवण, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं, आणि मायेपोटी होतं. लिव्हरचा आजार म्हटलं की घरात पथ्याची आघाडी उघडते. अंडं बंद, डाळ बंद, तेल बंद, मासे बंद. नुसता भात-पाणी आणि उसाचा रस. महिन्याभरात दंडाचं मांस उतरतं, गालफडं बसतात, आणि ज्याचे स्नायू गेले तो लवकर जातो. या पेशंटला साध्या माणसापेक्षा जास्त प्रथिनं लागतात, वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात, मोठ्या पेलाभर दुधात आठ. म्हणजे दोन अंड्यांनी काहीच होत नाही. डाळ घट्ट करा, सोयाबीनच्या वड्या, मटकी, ताजी मासळी, चिकन, दही, जे परवडेल आणि पोटाला रुचेल ते. गोंधळाची लक्षणं आली तरी प्रथिनं तोडायची नाहीत. जुनी समजूत तशी होती, ती आता मागे पडली आहे. पोट पाण्याने दाबलेलं असतं, म्हणून थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. आणि झोपताना काहीतरी द्याच, दूध-पोळी किंवा राजगिऱ्याचा लाडू. रात्रभर उपाशी राहिलेलं शरीर स्वतःचं मांस जाळतं. बंधन एकच, पोटात पाणी असेल तर मीठ कमी. दिवसाला चहाचा एक सपाट चमचा, सगळं मिळून. सुकट, खारे बोंबील, पापड, लोणचं, वेफर्स बाजूला ठेवा. खवट, बुरशी आलेले शेंगदाणे तर घरातल्या कोणीच खाऊ नयेत. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष लिव्हरचा कॅन्सर करतं.

दारूबद्दल जास्त लिहीत नाही. “आता काय फरक पडतो, पिऊ दे बिचाऱ्याला,” असं म्हणणारे बरेच असतात. फरक पडतो. या टप्प्यावर बंद केली तरी लिव्हर थोडं सावरू शकतं, आणि थोडं सावरलं तरी औषध देण्याइतकं होऊ शकतं. रोज पिणाऱ्याने मात्र एकदम सोडली तर हात कापणं, भास, झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांना सांगून सोडवा.

हिपॅटायटीस बी असेल तर टेनोफोव्हिर किंवा एंटेकॅव्हिरची रोजची गोळी कॅन्सर झाल्यावरही चालू ठेवायची असते. कारण विषाणू दबला की उरलेलं लिव्हर वाचतं आणि आयुष्य वाढतं. “आता कॅन्सरची गोळी सुरू झाली” म्हणून ही बंद केली तर विषाणू उसळतो आणि काही आठवड्यांत लिव्हर बसू शकतं.

त्रास कमी करणं म्हणजे हात वर करणं नव्हे

पॅलिएटिव्ह केअर हा शब्द ऐकला की लोक रडायला लागतात. दुखणं, मळमळ, खाज, धाप, झोप नसणं, यांवर उपाय करणारी ती शाखा आहे, आणि कॅन्सरचं औषध चालू असतानाही घ्यायची असते. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. मॉर्फिनने माणूस व्यसनी होईल ही भीती या टप्प्यावर अस्थानी आहे. २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलून हे औषध मिळणं सोपं केलं. लिव्हर खराब असल्याने त्याचा डोस कमी आणि दोन डोसांतलं अंतर जास्त ठेवावं लागतं, एवढं डॉक्टर पाहतात.

पेशंटला स्वतःला काय हवं, हे विचारायचं राहून जातं. आजार त्याच्यापासून लपवतात आणि मग त्याला कोणाशी काही बोलता येत नाही. शेवटचे दिवस आयसीयूत घालवायचे की घरात, खोली कोणाच्या नावावर, बायकोचं बँकेत नाव आहे का, हे शुद्ध असताना ठरलेलं बरं. या आजारात शुद्ध आधी जाते.

घरातल्या बाकीच्यांचं रक्त

पेशंटला हिपॅटायटीस बी निघाला असेल तर बायको किंवा नवरा, मुलं, भावंडं आणि आई यांनी एचबीएसएजी तपासणी करून घ्यायचीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतात सुमारे ३ कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू आहे, आणि बहुतेकांना ते माहीत नाही. तो एका ताटात जेवल्याने किंवा मिठी मारल्याने पसरत नाही, तेव्हा पेशंटची थाळी वेगळी करू नका. रक्तातून, शरीरसंबंधातून, दाढीच्या ब्लेडमधून, गोंदवण्याच्या सुईतून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला तो जातो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात विचारा. सी तर साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो.

कोणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्याने लिव्हरच्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचं. सिरोसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी, दुखत नसलं तरी, कारण ही गाठ दुखायला लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. निगेटिव्ह आला आणि आधी लस झालेली नसेल तर मोठ्या माणसाला तीन डोस, पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. घरात कोणी गरोदर असेल तर तिची तपासणी बाळंतपणाआधी, आणि बाळाला हिपॅटायटीस बीची पहिली लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत. रविवारी बाळंतपण झालं म्हणून ती सोमवारवर ढकलू देऊ नका. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला त्याच वेळी इम्युनोग्लोब्युलिनचं वेगळं इंजेक्शनही लागतं, त्यासाठी लेबर रूमच्या सिस्टरला भरती होतानाच सांगून ठेवायचं.